रिपोर्ट आधी कुणाच्या हातात?

कॅन्सरचा रिपोर्ट आला की आपल्याकडे घरातली माणसं पहिलं काम करतात ते तो लपवण्याचं. पाकीट थोरल्या भावाच्या नाहीतर जावयाच्या पिशवीत जातं. दवाखान्याच्या व्हरांड्यात हळू आवाजात बोलणी होतात आणि ज्याच्या शरीराबद्दल ती चाललेली असतात, त्याला बाकड्यावर बसवून ‘साधी गाठ आहे, काढली की मोकळं’ एवढंच सांगितलं जातं. यामागे माया असते, घाबरलेली माया. तरीही माझं मत आता पक्कं झालंय, की रिपोर्ट आधी रुग्णाच्या हातात गेला पाहिजे. माझ्या नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही जे काही निभावून नेलं, त्यातलं बरंचसं त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं म्हणून जमलं.

मी धाराशिव जिल्ह्यात परांडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे एसटीत कंडक्टर. भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा, थांब्यांची नावं पुकारायची, सुट्ट्या पैशांवरून पेटलेली भांडणं मिटवायची, सगळं काम आवाजाच्या जोरावर. कॉलेजात लागलेली तंबाखू कधी सुटली नाही. पहाटेच्या ड्यूटीला झोप येऊ नये म्हणून एक बार, जेवणानंतर एक, मुक्कामाची गाडी लागली की एक. चुन्याची डबी विसरली तर अर्ध्या रस्त्यातून घरी परत येत.

डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेसमोर एक जखम झाली. दुखत नव्हती, फक्त तिखट झोंबायचं. दाढेची धार लागते म्हणून दाढ घासून घेतली. मग मलम, मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मग दुसरं मलम. अख्खा पावसाळा असा गेला. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा काढून तपासायला हवा, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ते इथे सांगते. पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलायला लागलेला दात, गळ्याला हाताला लागणारी गाठ यांतलं काही दिसलं, किंवा पूर्ण उघडलेल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी जाईनाशी झाली, तर दाखवून घ्यावं. सुरुवातीला हा आजार बहुधा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणूनच माणूस थांबून राहतो.

तुकडा काढायला आम्ही बार्शीला गेलो. आमच्या भागाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल परकं नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीतच १९८७ साली सुरू झाली आणि बार्शी, परांडा, भूम हे तिचे तालुके. तरीसुद्धा सुई टोचली, चाकू लावला की कॅन्सर पसरतो, ही समजूत गावात अजून घट्ट आहे. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वेळ घालवल्याने.

रिपोर्टच्या दिवशी माझे थोरले दीर सोबत होते. त्यांनी डॉक्टरांना आधीच गाठून ‘त्याला सांगू नका, धसका घेईल’ म्हणून विनवलं होतं. डॉक्टर वयाने लहान होत्या. त्यांनी आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं, ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे? सगळी सांगू, की मोजकी तुम्हाला सांगून बाकीचं घरच्यांशी बोलू?” ह्यांनी दिरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “सगळी सांगा. तोंड माझं आहे.”

पुढे मी वाचलं की वाईट बातमी रुग्णाला कशी सांगावी याची सहा टप्प्यांची एक पद्धत २००० साली डॉ. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि सांगण्याआधी ‘किती ऐकायचंय’ हे विचारणं हा त्यातला एक टप्पाच आहे. एखाद्याला माहिती नको असते. तोही त्याचा हक्क. पण ते त्याने स्वतः ठरवायचं असतं.

आणि लपवलेलं टिकतही नाही. कॅन्सरच्या दवाखान्याची पाटी रुग्णाला वाचता येते. रांगेत शेजारी बसलेला माणूस सहज विचारतो, “तुमचा कुठला?” मग रुग्ण एकटाच भीत राहतो, कारण त्याला कळलंय हे त्याने घरच्यांना कळू द्यायचं नसतं. घरचे बाहेरच्या खोलीत रडतात, तो आतल्या खोलीत. पुढे पोट बिघडवणारं, तोंड सोलून काढणारं औषधपाणी सोसायची वेळ येते तेव्हा ‘साध्या गाठीला’ एवढं कशाला, असं म्हणून उपचार अर्ध्यात सोडणारी माणसं मी वॉर्डात पाहिली.

ह्यांना धसका बसला, नाही असं नाही. बार्शी ते घर एक शब्द बोलले नाहीत. पुढचे काही दिवस टीव्हीच्या आवाजावर चिडायचे, पाणी तापलं नाही म्हणून चिडायचे, रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायचे. त्यातली काही चिडचिड अचानक बंद केलेल्या तंबाखूची होती, हे आम्हाला समुपदेशकांनी सांगितल्यावर उमगलं. निकोटीन तुटलं की झोप उडते, राग अनावर होतो. त्यासाठी औषधं असतात, आणि १८०० ११ २३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो. निदान झाल्यावर सोडून काय उपयोग, असं म्हणू नये. सोडली तर जखम नीट भरते, किरणोपचारांचा परिणाम चांगला होतो आणि तोंडात दुसरा कॅन्सर उगवण्याचा धोका कमी होतो.

आमच्या शाळेतल्या एका सरांनी मला त्या दिवसांत दुःखाच्या पाच पायऱ्या समजावून सांगितल्या : आधी नाकारणं, मग राग, मग देवाशी सौदा, मग खिन्नता, शेवटी स्वीकार. मी घरी येऊन ह्यांची पायरी शोधायला लागले. नंतर कळलं की डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे मांडलं ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. नुकतं निदान झालेल्या आणि बरं होण्याची चांगली शक्यता असलेल्या माणसाचं ते वेळापत्रक नाही. ह्यांचं मन सकाळी एकीकडे असायचं, संध्याकाळी दुसरीकडे. सकाळी ‘ऑपरेशन करून टाकू’, संध्याकाळी ‘कशाला पैसा घालवायचा’. दोन्ही खरंच वाटत असायचं. त्या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता, फक्त मोठा निर्णय संध्याकाळी घ्यायचा नाही एवढं आम्ही ठरवून टाकलं.

रिपोर्टमध्ये दोन शब्द असतात, ग्रेड आणि स्टेज, आणि त्यांची गल्लत सगळे करतात. आमच्या कागदावर ग्रेड दोन लिहिलं होतं, तर नातेवाईकांत ‘सेकंड स्टेज’ म्हणून बातमी गेली. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर गेलाय ते : मूळ गाठ केवढी, मानेतल्या गाठींत पोचलाय का, फुप्फुसासारख्या लांबच्या अवयवात आहे का. स्टेज स्कॅन झाल्याशिवाय कळत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या तपासणीत ती बदलूही शकते. म्हणून पहिल्या आठवड्यात कुणी ‘कितवी स्टेज’ विचारलं तर ‘अजून ठरायची आहे’ हेच खरं उत्तर असतं.

डॉक्टरांना विचारायचा सर्वांत उपयोगाचा प्रश्न मला मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एका अनोळखी बाईने शिकवला. ‘बरे होतील ना?’ असं विचारलं की डॉक्टर धीर देतात. त्याऐवजी विचारायचं, “या उपचाराचा उद्देश काय आहे? आजार मुळातून काढणं, की आटोक्यात ठेवून त्रास कमी करणं?” या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं आणि पैसा, रजा, शेती, मुलांची शिक्षणं यांचे निर्णय त्या उत्तरावर उभे राहतात. आम्हाला उत्तर मिळालं, “मुळातून काढणं.” ते ह्यांनीच विचारलं होतं.

मुंबईला जायचं ठरलं ते गालाचा भाग काढल्यावर हाताच्या त्वचेने तो पुन्हा बांधायचा होता म्हणून. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर, पहाटे दादर. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला तीन चतुर्थांश. त्यासाठी दवाखान्याच्या सहीशिक्क्याचा ठरावीक नमुना लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा. उतरलो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात राज्यातून, राज्याबाहेरून आलेली टाटाचीच माणसं भरलेली असतात. तिथल्या पायऱ्यांवर मला जेवढी खरी माहिती मिळाली तेवढी कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. कुठल्या खिडकीला सकाळी किती वाजता उभं राहायचं, कुठला कागद दोनदा मागतात, कुठल्या दुकानात नळीतून देण्याचं अन्न स्वस्त मिळतं. आणि एका सांगलीच्या आजोबांनी तर अर्धा जबडा काढल्यानंतर आठ वर्षांनी ह्यांच्यासमोर बसून भात खाऊन दाखवला. ह्यांच्या चेहऱ्यावर धीर पहिल्यांदा दिसला तो तेव्हा.

टाटा मेमोरियल १९४१ साली टाटांच्या विश्वस्त निधीतून उभं राहिलं आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे आधी फाईल काढायची. मग बाहेरच्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक द्यायचा. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो तो छोटा ठोकळा. त्यांचे तज्ज्ञ तो स्वतः पुन्हा पाहतात. अनेक जण नुसता रिपोर्टचा कागद घेऊन येतात आणि ब्लॉकसाठी परत गावी पळतात. जिथे बायोप्सी झाली तिथून निघतानाच पट्ट्या आणि ब्लॉक मागून घ्यावेत.

ह्यांच्या मानेला गाठ लागत नव्हती, स्कॅनमध्येही दिसत नव्हती. तरी डॉक्टर मानेच्या गाठी काढायच्या म्हणाले. दिरांना तो खर्च वाढवण्याचा प्रकार वाटला. ह्यांनी विचारलं तेव्हा सर्जनने कागदावर मान काढून समजावलं. टाटातच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास केला होता, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी ८० टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. ह्यांनी आकडे ऐकले आणि सही केली. ऑपरेशननंतर काढलेल्या गाठींपैकी एकीत आजार सापडला, डोळ्याला न दिसणारा. त्यामुळे स्टेज वर गेली आणि किरणोपचार वाढले. हेही त्यांना त्याच दिवशी सांगितलं गेलं.

पैशाचं काम मी आणि भाच्याने अंगावर घेतलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. दवाखान्यात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट द्यायचे. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यायला हवी, आणि कुठला स्कॅन, कुठलं औषध योजनेत बसत नाही हे आधीच लिहून घ्यायला हवं. आमचं अडलं ते नावावर. आधारवर नावापुढे ‘राव’, रेशनकार्डावर नुसतं नाव. भाच्याने तहसीलला जाऊन ते दुरुस्त करून आणलं. निदानाच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या एकाने बाकी काही न करता सगळ्या कागदांवरची नावं आणि जन्मतारखा एकमेकांशी ताडून पाहाव्यात, असं मी आता प्रत्येकाला सांगते. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. विश्वस्त संस्थांची मदत, धर्मशाळेची चिठ्ठी तिथून मिळते. तिथे जायला लाजू नये.

‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे पुष्कळ होते, आणि ते मनापासून म्हणत होते. त्यांना काय करावं ते कळत नसतं. मी वहीत कामं लिहून ठेवली आणि विचारणाऱ्याला त्यातलं एक देऊन टाकायला लागले. शेजारच्या काकूंकडे सासूबाईंचा संध्याकाळचा चहा. आगारातल्या मित्राकडे रजेचा अर्ज साहेबांपर्यंत पोचवणं. दिरांकडे शेतातलं पाणी. दिरांचा रागही त्या कामात बराच निवळला.

ऑपरेशननंतर गळ्याला श्वासासाठी भोक, नाकातून अन्नाची नळी, गाल सुजलेला. बोलणं बंद. मुलीने तिची जुनी पाटी आणि पेन्सिल पाठवली होती. वॉर्डात एक समुपदेशक यायच्या. त्यांनी विचारलं, “मनाला त्रास किती होतोय? काहीच नाही म्हणजे शून्य, असह्य म्हणजे दहा.” ही साधी मोजपट्टी न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड यांच्या गटाने कॅन्सरच्या रुग्णांसाठी रूढ केली. हॉलंड यांनी कॅन्सर रुग्णांच्या मनाचा विचार करणारी शाखाच उभी केली. ह्यांनी पाटीवर ८ लिहिलं. समुपदेशकांनी विचारलं, “आठ कशामुळे?” मी मनात मरणाच्या भीतीची तयारी करून बसले होते. ह्यांनी लिहिलं, ‘रजा’. पुसून लिहिलं, ‘हप्ता’. मग ‘पोरीची दहावी’.

त्या दिवसापासून माझं वागणं बदललं. मनाचा त्रास आणि कागदपत्रांचं काम मी वेगवेगळं समजत होते. ह्यांचं ओझं घराच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार हे होतं. त्यावर ‘सगळं चांगलं होईल, सकारात्मक राहा’ असं म्हणणं म्हणजे त्यांना गप्प करणं झालं असतं. मी बँकेत गेले, साहेबांना रिपोर्ट दाखवला, हप्त्याची मुदत वाढवून घेतली आणि ती पावती वॉर्डात नेऊन त्यांच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी आकडा ५ वर आला. भीती उरली, पण तिच्याबद्दल आता बोलता येत होतं.

तंबाखूचा विषय निघणारच होता. भेटायला आलेले एक पाहुणे पलंगाशेजारी उभं राहून म्हणाले, “खाताना कळलं नाही का?” बोलता न येणाऱ्या माणसाला हे विचारलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पाहुण्यांना बाहेर नेलं. हा कॅन्सर तंबाखूने झाला, त्यात शंका नाही, आणि तंबाखू तोंडात ठेवायला सतराव्या वर्षी कुणी तरी शिकवलं, निकोटीनने ती सोडू दिली नाही, हेही तितकंच खरं. आजारी माणसाला दोष देऊन गाठ एका सुताने कमी होत नाही. उलट दोषाच्या भीतीने माणसं जखम लपवतात, डॉक्टरांना व्यसन खोटं सांगतात, उशिरा येतात. सासूबाई स्वतः मिश्री लावतात. त्यांनी मला एकदा विचारलं, “माझ्याकडं बघून लागली का गं त्याला?” मी नाही म्हणाले नाही आणि हो पण म्हणाले नाही. त्यांना बार्शीला नेऊन तोंड तपासून आणलं.

मुलीला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितलं होतं, ऑपरेशनच्या आधी. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. हा संसर्गाने होत नाही, पप्पांच्या ताटात जेवलं, पेल्यातलं पाणी प्यायलं तरी होत नाही, हे मुद्दाम सांगितलं, कारण शाळेत कुणी ना कुणी उलटं सांगणारच. तिने पहिला प्रश्न विचारला, “मरणार का?” ह्यांनीच उत्तर दिलं, “डॉक्टर मुळातून काढायला बघतायत. काही बदललं तर मी तुला सांगीन.” तिने त्यानंतर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, कारण बदललं तर कळणार आहे याची तिला खात्री होती.

जेवणाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर. नळीतून गाळलेलं वरण, दूध, नाचणीची पेज, दाण्याचं बारीक कूट घालून पातळ केलेली खीर, असं थोडं थोडं दिवसातून अनेकदा द्यायचं. देताना पाठ उभी हवी, नंतरही थोडा वेळ बसवून ठेवायचं, नळी कोमट पाण्याने धुवायची. हे नर्सने दोनदा शिकवलं, तिसऱ्यांदा मी त्यांच्यासमोर केलं. घरी आल्यावर खरा पेच पडला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे ह्यांचं जेवण, आणि आता घरात फोडणीचा वास सुटला की मला अपराधी वाटायचं. आम्ही मागच्या खोलीत चोरून जेवायला लागलो. ह्यांच्या ते लक्षात आलं. पाटीवर लिहिलं, ‘माझ्यासमोर जेवा’. मग सगळे एकत्र बसायला लागलो, ह्यांची नळी आणि आमच्या भाकऱ्या एकाच वेळी.

किरणोपचार बार्शीलाच घेतले. देशातली कॅन्सर रुग्णालयं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली गेली आहेत. ऑपरेशन एकीकडे आणि पुढचे उपचार घराजवळ, असं करता येतं का हे विचारून पाहावं. आम्ही मुंबईच्या डॉक्टरांकडून सगळी योजना लिहून घेतली होती. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, ३० वेळा. त्याआधी खराब दात काढून टाकावे लागतात, कारण किरणांनंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. चेहऱ्यावर बसणारा जाळीचा मोल्ड बनवतात आणि तो टेबलाला अडकवतात. ह्यांना त्यात पहिल्या दिवशी कोंडल्यासारखं झालं. तंत्रज्ञाने हाताचा इशारा ठरवून दिला, हात वर केला की मशीन थांबेल. इशारा कधी करावा लागला नाही, पण तो आहे म्हणून पडून राहता आलं.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसभर. चव जाते, लाळ आटते. आणि हे कुणी आधी सांगत नाही, की सर्वांत वाईट दिवस उपचार संपल्यानंतरचे असतात. शेवटच्या दिवशी आम्ही पेढे वाटले आणि पुढचे दोन आठवडे ह्यांना थुंकी गिळता येईना. आजार उलटलाय असं वाटून घर हादरलं. डॉक्टर म्हणाले, हे असंच होतं, किरणांचं काम आत अजून चालू आहे. तेव्हा त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. गावात मॉर्फिनचं नाव काढलं की लोक शेवट आला समजतात. दुखणं मोठं असेल तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्यायचं औषध आहे. दुखणं कमी झालं तसं ते हळूहळू कमी करून बंद केलं. त्यासोबत बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्यावं, ते लागतंच.

ह्यांचा मनाचा आकडा त्या काळात ९ वर गेला आणि खाली येईना. झोप नाही, कशात रस नाही, ‘मला सोडा’ असं लिहायला लागले. हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे, हे आम्हाला तोवर समजलं होतं. औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांनी फरक पडला. ज्यांच्या जवळपास असे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तो मी स्वतःसाठीही एकदा लावला. रात्री, ओसरीवर बसून. सांभाळणाऱ्याचीही झोप उडालेली असते आणि त्याला कुणी आकडा विचारत नाही.

एक बोलणं मात्र ह्यांनीच काढलं आणि मी टाळत होते. सातबारा, पीएफचं नामनिर्देशन, बँकेचं खातं. ‘असलं अभद्र काय बोलायचं’ म्हणून सासूबाई उठून गेल्या. आम्ही एका रविवारी बसून सगळं केलं. खातं दोघांच्या नावावर केलं, जुनं नामनिर्देशन अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होतं ते बदललं. ते झाल्यावर ह्यांना रात्री झोप लागली. निरोगी माणसानेही करून ठेवावं असं हे काम आहे, त्यात अभद्र काही नाही.

आता हे आगारात कार्यालयीन कामावर आहेत. बोलणं अस्पष्ट आहे, फोनवर नव्या माणसाला कळत नाही. रोज आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतात, तोंड जास्त उघडावं म्हणून, आणि काड्यांची संख्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. मानेच्या गाठी काढल्याने डावा खांदा उतरला होता, व्यायामाने बराच वर आलाय. शेंगाचटणी दह्यात कालवून मऊ भातासोबत चालते. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते, कारण परत येणारा आजार बहुतेक वेळा त्याच काळात येतो. तपासणीच्या आधीचा आठवडा घरात सगळ्यांनाच जड जातो. त्या आठवड्यात आम्ही पाहुणे बोलावत नाही.

परत आलं तर काय, हेही बोलून ठेवलंय. ह्यांनी सांगितलंय की तेव्हाही उद्देशाचा प्रश्न तेच विचारतील. मुळातून काढणं शक्य असेल तर पुन्हा मुंबई. नसेल तर दुखणं आटोक्यात ठेवणारे उपचार घराजवळ, आणि अतिदक्षता विभागात नळ्या लावून ठेवायचं नाही. दिरांनाही हे समोर बसवून सांगितलंय. पुढची तपासणी आषाढीनंतर आहे. मानेला किरणं दिल्यावर थायरॉइड मंदावू शकतं, त्याची रक्ततपासणी त्याच दिवशी उरकायची आहे. रिपोर्ट घ्यायला खिडकीवर हेच जाणार आहेत, मी फाईल धरून मागे उभी असेन.